आधी स्वेटर उलटा करा

नाशिकला गोदाघाटावर दर बुधवारी आठवडे बाजार भरतो. भाज्या, कांदे, कडधान्यं संपली की कडेला जुन्या कपड्यांचे ढीग लागतात. थंडी पडली की त्या ढिगांत स्वेटर दिसू लागतात. बाकीची गिऱ्हाइकं स्वेटर अंगाला लावून बघतात, रंग बघतात, बटणं मोजतात. मी स्वेटर हातात घेतला की आधी तो उलटा करते आणि काखेतली शिवण बघते. एका विक्रेतीने एकदा विचारलंच, "मावशी, आतून काय बघताय? घालायचा तर बाहेरून ना?" मी म्हटलं, "मला घालायचा नाही, उसवायचाय." तिने शेजारणीला कोपराने ढोसलं. चाळीस रुपये मोजून स्वेटर घ्यायचा आणि घरी नेऊन उसवायचा, असं गिऱ्हाईक तिने पाहिलं नसावं.

पंचवीसेक वर्षं मी हेच करते आहे. जुने स्वेटर उसवायचे, लोकर धुवायची, त्याच लोकरीचं नवं काही विणायचं. पतपेढीतल्या नोकरीच्या दिवसांत हे रात्रीचं काम होतं, निवृत्त झाल्यावर दिवसाचंही झालं. यातून मी श्रीमंत झाले नाही. पण शहाणपण बरंच मिळालं, आणि त्यातलं निम्मं चुका करून.

खरं म्हणजे उसवणं मी घरातच पाहिलं होतं. आमच्या लहानपणी स्वेटर विकत घेत नसत, विणत असत. आणि एकदा विणलेली लोकर घरातून जात नसे. दसरा झाला की आई ट्रंक उघडायची. मागच्या वर्षीचा माझा स्वेटर धाकट्या भावाला होत असेल तर ठीक, नाहीतर तो उसवायचा. मला समोर बसवून दोन्ही हात पुढे करायला लावायची आणि माझ्या मनगटांभोवती लोकर गुंडाळत जायची. हात खाली आला की ओरडा बसायचा. लोकर कमी पडायची, कारण मूल वाढलेलं असायचं. मग आई दोन औंस नवी लोकर आणायची, वेगळ्या रंगाची, आणि बाह्यांच्या टोकाला व पोटावर तिचे पट्टे घालायची. शाळेत कुणी विचारलं तर "डिझाइन आहे" म्हणून सांगायचं, अशी ताकीद असे.

त्या ताकिदीतली लाज माझ्यात बरीच वर्षं राहिली. जुन्या लोकरीचं विणते हे मी सुरुवातीला कुणाला सांगत नसे. पुढे कधीतरी वाचलं, की दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये 1941 पासून कपड्यांना रेशनिंग लागू झालं, आणि 1943 साली तिथल्या सरकारनेच 'मेक डू अँड मेंड' नावाची पुस्तिका काढून घरोघरच्या बायकांना जुने लोकरी कपडे उसवून पुन्हा विणायला सांगितलं. आई जे पडदा ओढून करत होती, ते तिकडे सरकार छापून शिकवत होतं. आई तोवर गेली होती, नाहीतर तिला दाखवलं असतं.

आईचं पाहिलेलं असल्यामुळे मला वाटायचं, उसवायला काय अक्कल लागते? बाजारातून पहिला स्वेटर आणला तो याच घमेंडीत. गडद हिरवा, मऊ, कुठे भोक नाही. रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर कात्री घेऊन बसले. गळ्यापाशी धागा सापडला, ओढला, तर हातभर आला आणि संपला. दुसरा ओढला, तोही तेवढाच. तासाभरात माझ्यासमोर हिरव्या तुकड्यांचा ढीग होता, न शिजलेल्या शेवयांसारखा. एकही तुकडा विणीच्या एका ओळीपेक्षा लांब नव्हता.

कारण नंतर कळलं. कारखान्यात बरेचसे स्वेटर लोकरीचं कापड विणून, ते शर्टासारखं कापून, शिवून केलेले असतात. कापलं की प्रत्येक ओळ दोन्ही टोकांना तुटते. वर इंटरलॉकची शिवण असते म्हणून ती तुटलेली टोकं दिसत नाहीत. दुसऱ्या प्रकारच्या स्वेटरमध्ये पाठ, पोट, बाह्या असे भाग टाके वाढवत-कमी करत आकारातच विणलेले असतात. त्यात धागा एका टोकाला पोचतो, वळतो आणि परत येतो. असा स्वेटर उलटा केला, की शिवणीच्या कडेला न कापलेल्या टाक्यांची वेणीसारखी सरळ रेघ दिसते. कडेवर दोऱ्यांचं दाट जाळं गुंडाळलेलं दिसलं तर तो इंटरलॉक, तो खाली ठेवायचा. वेणी दिसली तर घ्यायचा. एवढं एक पाहायला शिकले असते तर चाळीस रुपये आणि एक रात्र वाचली असती. त्या हिरव्या तुकड्यांनी मी एक उशी भरली. ती अजून आहे. टणक झाली आहे, पण टाकवत नाही.

वेणीवाला स्वेटर मिळाला तरी लगेच उसवायला बसायचं नाही. आधी शिवणी उघडायच्या. यंत्राची शिवण बहुतेकदा साखळीची असते. तांदळाच्या गोणीचं तोंड कसं उघडतं आठवा. बरोबर टोक सापडलं तर एका झटक्यात सगळा दोरा सुटून येतो, चुकीच्या टोकाने ओढला तर गाठ बसते आणि मग सुरी आणावी लागते. स्वेटरचंही तसंच आहे. मी पहिली काही वर्षं प्रत्येक शिवण टाका-टाका करून कापत बसे. एकदा किराणा दुकानात पोऱ्याने गोणी उघडताना पाहिली, घरी आले आणि स्वेटरच्या शिवणीचं दुसरं टोक धरून बघितलं. काखेपासून कमरेपर्यंतची शिवण सर्रकन सुटली. इतकी वर्षं उलट्या टोकाने भांडत होते. हाताने विणलेल्या स्वेटरची गोष्ट वेगळी. त्याची शिवण त्याच लोकरीने घातलेली असते आणि ती टाक्यांत मिसळून गेलेली असते. तिथे बोथट सुई, चांगला उजेड आणि धीर, याला पर्याय नाही. शिवण समजून विणीचाच टाका कापला गेला, की त्या ओळीत धागा तुटला.

मग प्रत्येक भाग वरून उसवायचा. स्वेटर सहसा खालच्या काठापासून विणत वर नेतात आणि गळ्याशी, खांद्याशी टाके बंद करतात. जिथे विणणारीने टाके बंद केले, तिथूनच उसवायला सुरुवात. खालच्या काठाकडून ओढायला गेलं तर धागा जागोजागी अडतो आणि गुंता होतो. म्हणजे तिचा शेवट ती आपली सुरुवात. आधी गळपट्टी, मग खांदा, मग मुंढा, आणि सगळ्यात शेवटी खालचा काठ. पाठ-पोटाच्या सरळ भागाला आल्यावर हात आपोआप चालतो, धागा टाक्याटाक्याने टपटप सुटत येतो. त्याला एक बारीक आवाज असतो. रात्री घर शांत असलं की तो ऐकू येतो.

उसवलेली लोकर सरळ नसते. कुरडईसारखी वेटोळी असते, कारण वर्षानुवर्षं ती टाक्यांच्या आकारात बसलेली असते. घाई करून तशीच विणायला घेतली तर विणीत खड्डे-उंचवटे येतात. म्हणून ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची. चार ठिकाणी सैल बांधायची, घट्ट बांधली तर तिथली लोकर धुतली जात नाही. मग कोमट पाण्यात रिठ्याच्या फेसात बुडवून ठेवायची. चोळायची नाही, पिळायची नाही, दाबून पाणी काढायचं. शेवटी सावलीत लोंबती ठेवायची आणि खाली हलकं वजन अडकवायचं. मी जुना ॲल्युमिनियमचा मग अडकवते. लोकर असेल तर दुसऱ्या दिवशी वेटोळी गेलेली असतात. पहिलं पाणी मात्र बघण्यासारखं असतं. वरून स्वच्छ दिसणाऱ्या स्वेटरमधून चहाच्या रंगाचं पाणी निघतं.

"लोकर असेल तर" असं मी मुद्दाम म्हटलं. बाजारात ज्याला आपण सरसकट लोकर म्हणतो, त्यातलं पुष्कळसं ॲक्रिलिक असतं. शरणपूर रोडवरच्या तिबेटी बाजारात जे रंगीबेरंगी स्वेटर दर हिवाळ्यात लागतात, ते बहुतेक लुधियानाहून येतात आणि त्यांतही ॲक्रिलिक भरपूर असतं. वाईट नाही, स्वस्त आहे, मशीनमध्ये धुता येतं. पण त्याचे नियम वेगळे. लेबल शाबूत असेल आणि त्यावर लोकरीच्या लडीसारखी वूलमार्कची खूण असेल तर प्रश्नच नाही. लेबल कापलेलं असेल तर मी शिवणीतून बोटभर धागा काढते आणि काडी लावते. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की ती विझते आणि राख बोटांत चुरडली जाते. ॲक्रिलिक भडकून जळतं, वितळतं आणि थंड झाल्यावर कडक काळा मणी उरतो. ही परीक्षा घरी करायची, चिमट्यात धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून. मी एकदा बाजारातच काडी ओढली होती. विक्रेतीने जे सुनावलं ते रास्तच होतं.

ॲक्रिलिकने मला एक मोठा धडा दिला. त्याची वेटोळी नुसत्या पाण्याने जात नाहीत, वाफ लागते. हे कळल्यावर मी फारच उत्साहात आले. ओळखीच्या एकींनी नातीसाठी फिकट जांभळा स्वेटर सांगितला होता. उसवलेल्या लडींना मी दुरून वाफ दिली, ठीक झालं. स्वेटर विणून झाल्यावर कडा जरा वळत होत्या, म्हणून तो टेबलावर अंथरून वाफेची इस्त्री थेट टेकवली. काय सुरेख सपाट झाला! देऊन आले, पैसे घेतले. आठ दिवसांनी त्या स्वेटर घेऊन परत आल्या. तो लांबून मुलीच्या गुडघ्यांपर्यंत गेला होता, बाह्या पंजांच्या खाली लोंबत होत्या. ॲक्रिलिकला जास्त उष्णता लागली की त्यातला ताण कायमचा मरतो. मग ते ओल्या फडक्यासारखं लोंबतं, आणि पुन्हा धुऊन, वाळवून, काही करून ते जिवंत होत नाही. पैसे परत केले आणि नव्या लोकरीचा दुसरा स्वेटर विणून दिला. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुन्हा कधी काम दिलं नाही. त्यांनी चारचौघांत बोलून दाखवलं असतं तर बरं वाटलं असतं.

खऱ्या लोकरीचीही खोड आहे. तिच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि लोकर आटते. गावाकडे लोकर थापून जेन करतात ते याच गुणावर. पण स्वेटर असा आटला की तो कधीच उसवत नाही. कुणीतरी मशीनमध्ये धुऊन बारीक केलेला सुंदर स्वेटर ढिगात दिसतो, हाताला जाड आणि दाट लागतो, तो सोडून द्यावा लागतो. मात्र हाच गुण सांधा करताना उपयोगी पडतो. धागा तुटला तर दोन्ही टोकांचे पदर उकलायचे, एकमेकांत घालायचे, थोडी थुंकी लावायची आणि तळहातांवर जोरात घासायचं, देवाच्या वाती वळतो तसं. अर्ध्या मिनिटात गाठ न मारता धागा एक होतो. थुंकी म्हटल्यावर लोक नाक मुरडतात. पाणी लावलं तरी चालतं. ॲक्रिलिकवर मात्र थुंका की पाणी लावा, काही होत नाही.

आणि कसर. ज्याने लोकर साठवली त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. एका पावसाळ्यात बोहारणीकडून मी पाच-सहा स्वेटर घेतले. तिला दोन स्टीलचे डबे दिले, म्हणजे नेहमीचा व्यवहार उलटा. तीही हसत होती, की आजवर मी डबे देऊन कपडे नेले, तुम्ही डबे देऊन कपडे घेताय. त्यांतल्या एका राखाडी स्वेटरवर तांदळाच्या कणीएवढी दोन भोकं होती. मी दुर्लक्ष केलं आणि सगळे ट्रंकेत टाकले. दिवाळीनंतर ट्रंक उघडली तेव्हा धुतलेल्या, गुंडाळलेल्या, माझ्या सगळ्यांत चांगल्या लोकरीचे गुंडे हातात घेतले की तुकडे गळत होते. उडणारं पाखरू लोकर खात नाही, खाते त्याची अळी, आणि ती अंधारात, घडीत, न हलवलेल्या जागी सुखाने खाते. त्या वर्षी माझं जवळजवळ तीन किलो सामान गेलं. तेव्हापासून नवा आलेला प्रत्येक स्वेटर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आधी फ्रीजरमध्ये जातो. आठ दिवस आत, दोन दिवस बाहेर, पुन्हा आठ दिवस आत. घरच्यांना आइस्क्रीमच्या शेजारी स्वेटर बघायची सवय झाली आहे.

आता ज्या चुकीबद्दल सांगायला मला अजून जड जातं, ती सांगते.

एव्हाना माझं काम ओळखीपाळखीत माहीत झालं होतं. लोक घरातले जुने स्वेटर आणून देत, त्यांच्याच लोकरीचं काही करून मागत. कॉलनीतल्या एक बाई एका संध्याकाळी मरून रंगाचा, हाताने विणलेला, पुढे पीळ घातलेला स्वेटर घेऊन आल्या. म्हणाल्या, माळा आवरतेय, हा कुणी घालत नाही, नातवासाठी दोन बिनबाह्यांचे होतील का बघा. लोकर उत्तम होती. मी त्याच रात्री तो उसवला. हाताने विणलेला होता, सुटायला सोपा, मला तर आनंदच झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी दारात उभी. तो स्वेटर तिच्या आजीने विणलेला. आजी जाऊन वर्ष झालं होतं. सुट्टीला घरी आल्यावर तो घेऊन जायचं तिने मनाशी ठरवलं होतं. आईला हे माहीत नव्हतं, कारण आईने विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. तिच्या आजीचा स्वेटर माझ्या गॅलरीत चार लडी होऊन वाळत होता.

ती रडली नाही, भांडली नाही. मीच म्हणाले, फोटो असेल तर दे, मी तसाच विणून देते. फोटो मिळाला. त्यावरून टाके मोजले, पिळाच्या ओळी मोजल्या. त्याच लोकरीने, 10 नंबरच्या सुयांनी, महिनाभर दुसरं काही हातात न घेता तो विणला. माप तंतोतंत, पीळ तसाच. मुलीने घालून आरशात पाहिलं. "छान झालाय," म्हणाली. मग गळ्याशी हात नेऊन म्हणाली, "आजीचा गळा जरा वाकडा होता."

मी तो सरळ केला होता. फोटोत तो वाकडा दिसत होता, मला वाटलं कॅमेऱ्याचा कोन असेल, आणि नसला तरी चूक कशाला ठेवायची? विणणाऱ्या प्रत्येक हाताचा ताण वेगळा असतो, कुणाचा सैल, कुणाचा घट्ट, हे मी वीस बायकांना शिकवलं असेल. पण लोकर तीच असली म्हणजे वस्तू तीच राहते, असं मी मनात कुठेतरी धरून चालले होते. ते त्या दिवशी गेलं. लोकर परत मिळते, हात परत मिळत नाही.

त्या दिवसापासून माझ्याकडे एक वही आहे. कुणी हाताने विणलेला स्वेटर आणला तर तीन प्रश्न विचारते: कुणी विणला, घरात आणखी कुणाला हवा आहे का, सगळ्यांना विचारलं का. मग तो पंधरा दिवस तसाच ठेवते. उलटा, सुलटा, गळ्याजवळून असे फोटो काढते. आजवर अकरा जणांनी त्या पंधरा दिवसांत येऊन स्वेटर परत नेला. तेवढी लोकर बुडाली, पण त्या अकरांचा मला कधी राग आला नाही.

हाताने विणलेले स्वेटर उसवणं मात्र मी सोडलं नाही, आणि त्याचं कारण बाजारातलाच एक स्वेटर आहे. करड्या रंगाचा, पुरुषी, कोपरांवर झिजलेला. बुधवारच्या ढिगातून घेतला, म्हणजे त्याला विचारणारं मागे कुणी उरलेलं नव्हतं. पाठ उसवायला घेतली आणि थोड्याच ओळींनंतर गाठ लागली. मग आणखी एक. सगळा स्वेटर उसवून होईपर्यंत मी 43 गाठी मोजल्या. धाग्याचा रंगही एकच नव्हता, करड्याच्या तीन-चार छटा होत्या. काखेच्या आत तर बदामी लोकर वापरलेली होती. आणि 43 पैकी एकही गाठ छातीवर नव्हती. साऱ्या शिवणीलगत, नाहीतर पाठीवर खालच्या बाजूला. गाठ कडेला आणायची तर आधीपासून अंदाज घ्यावा लागतो, कुठे धागा संपणार आहे हे बघून सुई थांबवावी लागते. म्हणजे तो स्वेटर विणणारीनेही जुनीच लोकर वापरली होती. कदाचित ती लोकर तिच्याकडे आली तेव्हाही तिची पहिली वेळ नसेल. मी ज्याला माझी युक्ती समजत होते ती ही बाई माझ्या आधी, माझ्यापेक्षा चांगली करून गेली होती. तिच्याकडून मी सांधे कुठे घालायचे ते शिकले. स्वेटर मात्र मी पूर्ण उसवला. तिनेही तेच केलं असतं.

लोक विचारतात, यात सुटतं किती? खरं उत्तर देते. पुरुषी पूर्ण बाह्यांचा चांगला स्वेटर 380 ग्रॅम भरला, तर त्यातून मला 330-340 ग्रॅम वापरण्याजोगी लोकर मिळते. शिवणी उघडायला दीड तास, उसवायला दोन, लडी, धुणं, पुन्हा गुंडे करणं मिळून आणखी दीड. पाच तास धरा. एवढ्या वेळात दुसरी कुठलीही मजुरी केली तर जास्त पैसे मिळतील. ॲक्रिलिकच्या बाबतीत तर हा धंदा साफ तोट्याचा, नवी लोकरच स्वस्त पडते. खरी लोकर असेल तरच हिशोब जमतो, कारण तशी नवी घ्यायला गेलं तर परवडत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, जुनीच लोकर ना, मग कमी करा. त्याला समजावण्यात मी उमेदीची वर्षं घालवली. आता समजावत नाही. एकच किंमत सांगते.

याच जुन्या स्वेटरांवर पानिपतात मोठाले कारखाने चालतात. परदेशांतून गठ्ठ्यांनी येणारे टाकलेले लोकरी कपडे तिथे उतरतात. पुन्हा घालण्यासाठी विकले जाऊ नयेत म्हणून ते कापलेले असतात. बायका बटणं, चेन काढून त्यांचे रंगांप्रमाणे ढीग लावतात, मग यंत्रं ते फाडून पुन्हा तंतू करतात आणि त्यांचं सूत काढून घोंगड्या, ब्लँकेटं विणतात. ही कल्पना 1813 सालची, इंग्लंडमधल्या बॅटली गावच्या बेंजामिन लॉची. पूर-भूकंपात वाटली जाणारी ब्लँकेटं पुष्कळदा याच सुताची असतात, तेव्हा त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण फाडलं की तंतू आखूड होतो आणि सूत कमजोर होतं. उसवलं तर धागा अख्खा राहतो. माझ्या हातून जो स्वेटर उसवत नाही, त्याचंच खऱ्या अर्थाने पानिपत होतं.

माझी लोकर आता जास्त करून निफाडकडे जाते. राज्यातली सगळ्यांत कडक थंडी पुष्कळदा तिथेच नोंदली जाते, पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात. त्याच दिवसांत पेठ-सुरगाण्याकडची माणसं बागांच्या कामाला आलेली असतात, आणि त्यांच्याबरोबर पातळ फ्रॉकमधली मुलं. ओळखीच्या एका शिक्षिकेमार्फत मी टोपरी आणि बिनबाह्यांचे स्वेटर पाठवते. एका मोठ्या माणसाच्या स्वेटरमधून चार वर्षांच्या मुलाचे दोन होतात आणि एखादं टोपरं निघतं. पट्टे असतात, कारण लोकर एका रंगाची पुरत नाही. एका मुलीने शिक्षिकेला विचारलं म्हणे, हे असं का? शिक्षिकेने सांगितलं, डिझाइन आहे. मी निरोप पाठवला, की पुढच्या वेळी सरळ सांगा, जुन्या स्वेटरचा आहे.

हे करून बघायचं असेल तर आज माळ्यावरची पिशवी काढा. एक स्वेटर घ्या आणि आधी उलटा करा. इंटरलॉकची शिवण असेल तर धुऊन ज्याला थंडी वाजते त्याला देऊन टाका, उसवायच्या भानगडीत पडू नका. वेणी दिसली तर काडी लावून धागा तपासा, मधे दोन दिवस सोडून दोनदा आठ-आठ दिवस फ्रीजरमध्ये ठेवा आणि गळ्याकडून सुरुवात करा. आणि तो हाताने विणलेला असेल, तर कात्री हातात घेण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा. गावाला असलेल्यालाही फोन करून विचारा.